संघटनेतून गावाकडे

आमचं जवळा बाजार पूर्वी निजामाच्या राज्यात. त्याच राज्यातल्या डोर्नाकलची ही गोष्ट.

लंडनमध्ये १८४४ साली निघालेली वायएमसीए कुठल्याच एका चर्चची नव्हती. पोरं तिकडेच रमली तर गावची मंडळी कोण सांभाळणार? व्ही. एस. अझरिया १८९५ पासून वायएमसीएचे सचिव. १९०३ मध्ये तिरुनेलवेलीच्या ख्रिस्ती लोकांनी स्वतःच्या पैशावर मिशनसंस्था काढली, त्यात ते पुढे होते. १९०९ मध्ये वायएमसीए सोडून त्याच संस्थेतर्फे ते डोर्नाकलला गेले. १९१२ साली तिथेच बिशप झाले. अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप!

आम्हीही गावात तरुण मंडळ काढलं होतं. मग शहरात आलो... देऊळ अजून म्हातारेच झाडतात. असो. तुमच्या गावी कसं आहे?