दहा गुणांची सलामी

पडद्यावर चौघांच्या डोक्यावर चौघे बसलेले दिसतात. वरच्या रांगेत एक विद्यापीठ, खालच्या रांगेत दुसरं. प्रत्येकासमोर आडनावाची पाटी, टेबलावर संघाचं एखादं लाडकं खेळणं आणि हाताशी बझर. 'युनिव्हर्सिटी चॅलेंज' ही दूरचित्रवाणीवरची विद्यापीठांची प्रश्नमंजूषा म्हटली की ब्रिटिश प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर हे दुमजली चित्र उभं राहतं. प्रत्यक्षात तिथे माडी नसते. दोन्ही संघ एकाच जमिनीवर, शेजारी शेजारी मांडलेल्या टेबलांमागे बसतात आणि दोन कॅमेऱ्यांची चित्रं वर-खाली जोडली जातात. हे चित्र लोकांच्या मनात इतकं पक्कं बसलं होतं, की 1984 मध्ये 'द यंग वन्स' या विनोदी मालिकेनं एका भागात दोन संघ खरोखरच एकावर एक बसवले.

या खेळाचं मूळ मात्र ब्रिटनमध्ये नाही, दूरचित्रवाणीवरही नाही. ते सैनिकांच्या विरंगुळ्यात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी जवानांच्या मनोरंजनाची व्यवस्था पाहणारी 'यूएसओ' ही संस्था होती. तिच्या कामात डॉन रीड यांना प्रश्नोत्तरांचा असा खेळ सुचला, की ज्यात मैदानी सामन्याची चुरस असेल. युद्ध संपल्यावर रीड यांनी तो महाविद्यालयांकडे नेला आणि 10 ऑक्टोबर 1953 रोजी एनबीसी रेडिओवर 'कॉलेज बोल' सुरू झाला. पहिल्या सामन्यात नॉर्थवेस्टर्न विद्यापीठानं कोलंबियाला 135 विरुद्ध 60 असं हरवलं. त्या वेळी दोन्ही संघ समोरासमोर नसत. प्रत्येक संघ आपापल्या महाविद्यालयात, आपल्याच दोस्तांसमोर बसलेला असे; सूत्रसंचालक ॲलन लडन न्यूयॉर्कच्या स्टुडिओत असत आणि तारांनी ही तिन्ही ठिकाणं जोडलेली असत. श्रोत्याला ऐकू येई तो बझरचा आवाज, एक नाव आणि टाळ्या.

रीड यांची खरी करामत प्रश्नांत नव्हती, मांडणीत होती. आपल्याकडच्या शाळांमधली प्रश्नमंजूषा आठवून पाहा. 'अ' संघाला प्रश्न, नाही आला तर 'पास', मग 'ब' संघ, मग 'क'. प्रश्न ठरलेल्या वाटेनं फिरतो आणि ज्याची पाळी नाही, तो निवांत बसतो. रीड यांनी पाळीच काढून टाकली. पहिला प्रश्न दोन्ही संघांचा, आठही जणांचा. अमेरिकेत त्याला 'टॉस-अप' म्हणतात, ब्रिटनमध्ये 'स्टार्टर'. जो आधी बझर दाबेल त्यानं एकट्यानं उत्तर द्यायचं. शेजाऱ्याशी कुजबुजही चालत नाही. उत्तर बरोबर आलं की दहा गुण आणि सोबत संघाला बोनस प्रश्नांचा हक्क. बोनसला मात्र चौघांनी डोकी एकत्र करायची, चर्चा करायची आणि कर्णधारानं उत्तर सांगायचं. ब्रिटिश पद्धतीत बोनसचे तीन प्रश्न येतात, प्रत्येकी पाच गुणांचे. म्हणजे एकट्याच्या हिमतीवर दहा, चौघांच्या मेळावर पंधरा. खेळाचा सगळा जीव या हिशेबात आहे. एकटा हुशार माणूस दार उघडून देतो, पण घर भरायला बाकीचे तिघे लागतात.

त्यातही प्रश्न संपायची वाट पाहावी लागत नाही. समजा सूत्रसंचालकानं सुरुवात केली, 'साहिब, सिंध आणि सुलतान अशी नावं असलेल्या तीन इंजिनांनी...' रेल्वेच्या इतिहासाचा नाद असलेल्याचं बोट इथेच बझरवर पडेल. प्रश्न पुढे सरकतो, '...1853 च्या एप्रिलमध्ये ओढत नेलेली गाडी...' आता आणखी दोघे सरसावतील. '...बोरीबंदरहून कोणत्या गावी गेली?' इथवर येईपर्यंत ठाणे हे उत्तर निम्म्या सभागृहाला आलेलं असतं, पण तोवर उशीर झालेला असतो. मात्र पहिल्यानं उतावीळपणा करून चुकीचं सांगितलं, तर त्याच्या संघाचे पाच गुण जातात आणि समोरच्या संघाला उरलेला प्रश्न शांतपणे ऐकायला मिळतो. त्यामुळे नुसती माहिती पुरत नाही. हा प्रश्न कुठे निघाला आहे, हे अर्ध्या वाक्यात ओळखावं लागतं.

'कॉलेज बोल' अमेरिकी दूरचित्रवाणीवर आला तो जानेवारी 1959 मध्ये, म्हणजे नेमक्या नाजूक वेळी. मोठमोठ्या रकमांच्या बक्षिसांचे प्रश्नोत्तरांचे कार्यक्रम आधीच ठरवून खेळवले जातात, हे 1958 मध्ये उघड होऊ लागलं होतं आणि पाठोपाठ चौकशा चालल्या होत्या. प्रेक्षकांचा विश्वास उडालेला असताना हा विद्यार्थ्यांचा सामना टिकला आणि 1970 पर्यंत चालला. इथे विद्यार्थी पैशापेक्षा आपल्या महाविद्यालयाच्या नावासाठी खेळत होते, हे त्याचं एक कारण असावं. 1966 मध्ये जॉर्जिया राज्यातल्या ॲग्नेस स्कॉट या मुलींच्या छोट्या महाविद्यालयानं बलाढ्य प्रिन्स्टनला 220 विरुद्ध 215 असं हरवलं. शेवटच्या क्षणी विजयी उत्तर देणारी विद्यार्थिनी दृष्टिहीन होती. या खेळात फक्त कान आणि बोट लागतं, याचा याहून लख्ख पुरावा सापडणार नाही.

मँचेस्टरच्या ग्रॅनाडा टेलिव्हिजनचे सेसिल बर्नस्टीन यांनी हा कार्यक्रम अमेरिकेत पाहिला आणि तो ब्रिटनमध्ये आणायचं ठरवलं. 21 सप्टेंबर 1962 रोजी लीड्स आणि रेडिंग या विद्यापीठांमध्ये पहिला सामना झाला. पहिल्या स्पर्धेचं विजेतेपद लेस्टरनं मिळवलं. सूत्रसंचालक होते सत्तावीस वर्षांचे बॅम्बर गॅस्कॉइन. सुरुवातीला कार्यक्रम तेरा आठवड्यांपुरता होता. गॅस्कॉइन त्या खुर्चीवर 1987 पर्यंत बसले. स्पर्धकाचं चुकलं तर ओशाळवाणं वाटू न देता पुढे नेण्याची त्यांची रीत होती. भारतीय वाचकांशी त्यांचं आणखी एक नातं आहे. 1971 मध्ये निघालेलं, मोगल बादशहांवरचं 'द ग्रेट मोगल्स' हे पुस्तक त्यांचंच आणि त्यातली छायाचित्रं त्यांच्या पत्नी क्रिस्टिना यांची.

एका नियमावरून मात्र वाद पेटला. इतर विद्यापीठांचा एकेकच संघ येई, पण ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची महाविद्यालयं स्वतंत्रपणे उतरत. याचा निषेध म्हणून 1975 मध्ये मँचेस्टर विद्यापीठाच्या संघानं प्रश्नांना 'मार्क्स', 'ट्रॉट्स्की', 'लेनिन', 'चे गेव्हारा' अशीच उत्तरं द्यायला सुरुवात केली. चौघांपैकी डेव्हिड आरोनोविच पुढे नावाजलेले स्तंभलेखक झाले. रागाचं कारण रास्तच होतं. एका विद्यापीठाला एक संधी आणि दुसऱ्याला अनेक, हा न्याय नव्हे. नियम मात्र तसाच राहिला. त्याच मँचेस्टरनं पुढे 2012 आणि 2013 असं लागोपाठ दोनदा विजेतेपद पटकावलं.

भारतात क्विझची पाळंमुळं वेगळ्या मातीत रुजली. 1967 मध्ये नील ओब्रायन यांनी कलकत्त्यात एका चर्चच्या सभागृहात खुली स्पर्धा घेतली. 1972 पासून हमीद सयानी यांची 'बोर्नव्हिटा क्विझ काँटेस्ट' रेडिओवर शाळकरी मुलांना खिळवून ठेवू लागली. 1985 मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचं 'क्विझ टाइम' आलं आणि महाविद्यालयांचे संघ घराघरांत पोहोचले. 2003 मध्ये बीबीसी वर्ल्डवर 'युनिव्हर्सिटी चॅलेंज'ची भारतीय आवृत्ती निघाली, तेव्हा सूत्रसंचालनाला बसूच होते. तिचे दोनच हंगाम झाले आणि दोन्ही महाराष्ट्रानं जिंकले. पहिला मुंबईच्या सरदार पटेल कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगनं, दुसरा पुण्याच्या सिम्बायोसिसच्या एससीएमएचआरडी या व्यवस्थापन संस्थेनं.

ब्रिटनमधला कार्यक्रम 1987 मध्ये बंद पडला होता. 1994 मध्ये बीबीसी टू या वाहिनीनं तो पुन्हा सुरू केला. जेरेमी पॅक्समन आले आणि खेळाचा सूर बदलला. उत्तराला वेळ लावणाऱ्या संघाला ते 'चला, आटपा' म्हणून दटावत. पार्किन्सनचा आजार झाल्याचं जाहीर केल्यावरही ते काम करत राहिले आणि 2023 मध्ये त्यांनी खुर्ची सोडली. तिच्यावर आले कोलकात्यात जन्मलेले अमोल राजन. आवाज मात्र 1994 पासून एकाच माणसाचा आहे. बझर वाजताक्षणी पडद्याआडून रॉजर टिलिंग आधी संस्थेचं आणि मग स्पर्धकाचं नाव पुकारतात, इतक्या तातडीनं की तेही नववे खेळाडू असल्यासारखं वाटतं. सामना रंगात येतो तसा त्यांचा स्वर चढत जातो, आणि शेवटच्या मिनिटांत तर नाव पुकारताना ते जवळजवळ ओरडतात.