आसारीवरची संक्रांत

कोकणात संक्रांत घरात साजरी होते. तिळगूळ, सुगडं, हळदीकुंकू, नव्या सुनेचे हलव्याचे दागिने एवढ्यात सण आटोपतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या या संक्रांतीला आकाशाचं विशेष काम पडत नाही. सुरत-भरूचच्या किनाऱ्यावर मात्र उत्तरायणाला माणूस घरात सापडत नाही, सगळं शहर पतंग उडवायला गच्चीवर असतं. समुद्रापासून दूर, नाशिक जिल्ह्याच्या पूर्व टोकाला असलेलं येवला संक्रांत साजरी करतं ती या दुसऱ्या किनाऱ्याच्या तऱ्हेने. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस बाजारपेठ मंदावते, माड्यांवर हलकडी वाजते आणि संध्याकाळी फटाके उडतात. याचं ठरलेलं स्पष्टीकरण असं की गुजराती व्यापारी आले आणि त्यांच्याबरोबर पतंगही आला. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. पतंग कुणी आणला, हे त्यातून कळतं. तो येवल्यातच एवढा का रुजला, हे कळत नाही. माझ्या मते त्याचं उत्तर रेशमाच्या धंद्यात शोधायला हवं.

येवल्याची वस्ती राघोजी नाईकांनी वसवली असं परंपरा सांगते, आणि गावात आजही त्यांचं नाव राघोजीबाबा म्हणून आदराने घेतलं जातं. त्यांच्या आश्रयाने रेशमाचे व्यापारी आणि विणकर इथे स्थिरावले. भांडवल आणि कच्चा माल प्रामुख्याने गुजराती वाण्यांच्या हाती होता. मागावर साळी, कोष्टी, खत्री असे अनेक हात होते. एकोणिसाव्या शतकात चीनचं रेशीम मुंबई बंदरात उतरून या गावापर्यंत पोहोचत असे, म्हणजे किनाऱ्याशी नातं होतं ते पोटापाण्याचं. हा धंदा दीर्घकाळ ठरावीक घराण्यांच्या मक्त्यात होता. 1864 मध्ये बाहेरच्या एकाने रेशीमकाम सुरू केलं, मक्तेदारांनी दावा लावला आणि मुंबई उच्च न्यायालयाने नवागताच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतर धंदा फोफावला. ज्या गावात सावकार आणि विणकर एकाच मालावर जगतात, तिथे सावकाराच्या माडीवरची हौस विणकराच्या धाब्यावर जायला फार वेळ लागत नाही. हा माझा तर्क आहे, पण त्याला आधार देणारी एक वस्तू येवल्यात दर जानेवारीत हातोहाती दिसते.

ती म्हणजे आसारी. गुजरातेत मांजा फिरकीवर असतो. येवल्यात तो आसारीवर गुंडाळतात: मधोमध लांब दांडी आणि तिच्याभोवती पाकळ्यांसारख्या काड्यांचा हलका, रुंद घेर. हे साधन विणकराच्या घरचं. रंगवून वाळवलेल्या रेशमाची लड उकलून धागा आसारीवर घ्यायचा आणि तिथून कांडीवर भरायचा, हे पैठणीच्या पूर्वतयारीतलं रोजचं काम. रेशमाचा तंतू इतका नाजूक की घेर रुंद हवा, फिरणं हलकं हवं आणि धागा मोकळा निघायला हवा. पतंगबाजालाही नेमकं हेच लागतं: एका वळशात भरपूर दोरा गुंडाळला जावा आणि ढील देताना तो अडू नये. मांजा सुतण्याचं कामही विणकराला परकं नाही. दोरा ताणून त्यावर लुगदी चढवायची, वाळवायचा आणि गुंता न होऊ देता गुंडाळायचा, ही सुताच्या ताण्याला खळ देणाऱ्या हातांची सवयच. पतंग नुसता बाहेरून आलेला असता तर फिरकीही त्याच्यासोबत आली असती आणि टिकली असती. येवल्याने पाहुण्याच्या हातात आपलं अवजार दिलं.

सणाचे दिवसही तसेच. गुजरातेत उत्तरायण आणि वासी उत्तरायण असे दोन दिवस. येवल्यात भोगी धरून तीन. पतंग तिकडचा, पण तो बसवला मराठी पंचांगाच्या चौकटीत.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. विणकर आणि गुजराती व्यापारी सोलापुरातही होते. उद्योगपती वालचंद हिराचंदांचं घराणं त्याच शहरातलं आणि मूळचं गुजराती. हातमागांची तर तिथे कमतरता नव्हती. मग सोलापूरची संक्रांत पतंगांची का झाली नाही? कारण तो दिवस तिथे आधीच भरलेला होता. सिद्धेश्वराचे नंदीध्वज, अक्षता सोहळा आणि गड्ड्याची यात्रा यांनी संक्रांतीचे दिवस व्यापलेले असताना शहराने वर कशाला पाहावं? येवल्याचं तसं नव्हतं. जवळच्या कोटमगावच्या जगदंबेची यात्रा भरते ती नवरात्रात. संक्रांतीला गावावर कुणा मोठ्या दैवताचा हक्क नव्हता. तेव्हा नुसता धंदा पुरत नाही, पंचांगात जागाही मोकळी लागते, एवढी दुरुस्ती माझ्या म्हणण्याला मी आनंदाने जोडतो.

दुसरा आक्षेप शुद्धतेचा आहे: पतंगबाजी हा नवाबी शौक, त्याला सणाचा मान कशाला? पतंग आणि संक्रांत यांची गाठ शास्त्राने बांधलेली नाही, हे मान्यच आहे. सातारा जिल्ह्यात फलटणला पतंग उडतात ते नागपंचमीला, म्हणजे पार श्रावणात. पण मग हलव्याचे दागिने तरी कोणत्या स्मृतीत सांगितले आहेत? लोक सण जुळवत जातात, आणि जुळवताना हाताशी असेल ते वापरतात. येवल्याला हा जुळवण्याचा नादच म्हणायचा. रंगपंचमीलाही टिळक मैदानात रंगांनी भरलेली पिंपं घेऊन ट्रॅक्टर समोरासमोर उभे राहतात आणि सामना रंगतो.

या जुळणीला खरा धक्का बसतो आहे तो नायलॉन मांज्यामुळे. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये त्यावर देशभर बंदी घातली, तरी तो चोरून विकला जातो, पक्ष्यांचे पंख आणि दुचाकीवाल्यांचे गळे कापतो. त्याविषयीचा संताप रास्त आहेच. पण त्याने आणखी एक गोष्ट केली, जिची नोंद क्वचित होते: हा दोरा घरी सुतावा लागत नाही. कारखान्यातून तो तयार येतो, त्यासाठी घरी ना काचेची पूड लागते, ना लुगदी, ना ताणलेला दोरा वाळेपर्यंत राखणारा कुणी. गावातले सुतार आसाऱ्या अजून करतात आणि त्या खपतातही. मात्र ज्या आसारीवर नायलॉन चढतो, तिच्यावरच्या दोऱ्यात येवल्याच्या हाताचं काम उरत नाही.