बाल न्याय कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण

कायद्याशी संघर्ष झालेल्या (विधिसंघर्षग्रस्त) अठरा वर्षांखालील बालकांची प्रकरणे हाताळणारे पोलीस, दंडाधिकारी, समाजकार्यकर्ते, परिवीक्षा अधिकारी व निरीक्षणगृहातील कर्मचारी यांना दिले जाणारे व्यावसायिक शिक्षण.

महाराष्ट्रात या कामाची मुळे मुंबई बालक अधिनियम, १९२४ इथवर जातात. १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य संस्था (पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था) निघाली आणि समाजकार्याचे पद्धतशीर शिक्षण सुरू झाले. आजचा आधार म्हणजे २०१५ चा बाल न्याय अधिनियम. बाल न्याय मंडळात एक दंडाधिकारी व दोन समाजकार्यकर्ते असतात. नियुक्तीपासून साठ दिवसांत तिघांचेही प्रशिक्षण व्हावे, असे कलम ४ सांगते.

खरी कसोटी मात्र पोलीस ठाण्यात लागते. कलम १०७ नुसार प्रत्येक ठाण्यात सहायक उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाचा एक प्रशिक्षित बाल कल्याण पोलीस अधिकारी हवा; बुलढाणा जिल्ह्यातील डोणगावसारख्या ग्रामीण भागालाही यातून सूट नाही. मुलाला कोठडीत ठेवायचे नाही, बेडी घालायची नाही, शक्यतो साध्या वेशात बोलायचे, चोवीस तासांत मंडळापुढे हजर करायचे, हे त्याने शिकायचे असते. किरकोळ गुन्ह्यात सहसा प्राथमिक माहिती अहवाल न नोंदवता स्टेशन डायरीत नोंद करून मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल पाठवावा लागतो. एरवीच्या पोलिसी सवयीच्या हे नेमके उलट आहे. शिवाय अधिकाऱ्याची बदली झाली की त्याचे प्रशिक्षणही त्याच्यासोबत जाते.

सोळा ते अठरा वयोगटातील घोर गुन्ह्यांत कलम १५ प्रमाणे मुलाच्या मानसिक क्षमतेची प्राथमिक पारख मंडळ करते. त्यासाठी मानसशास्त्रज्ञांची मदत घेता येते.