पोलादाचें पाणी

कोयत्याला पाणी देणारा खेड्यांतील लोहार आणि चिंचवडच्या कारखान्यांत मोटारीचीं दांतेरी चाकें भट्टींत घालणारा कारागीर हे दोघे एकाच विद्येचे वारस होत. तापलेलें पोलाद एकदम विझविलें कीं तें कठीण होतें. पण त्याबरोबरच ठिसूळही होतें. दांतेरी चाकाला तर झिजूं नये म्हणून कठीणपणा हवा, आणि धक्क्यानें मोडूं नये म्हणून चिवटपणाही हवा.

यावरचा उपाय जुना आहे. अंतरंग मऊ राखावें व केवळ वरची कातडी कठीण करावी. बाराव्या शतकांतील थिओफिलस नांवाच्या युरोपीय साधूनें, तापलेल्या कानशीवर जाळलेल्या शिंगाची पूड व मीठ टाकून ती पाण्यांत विझविण्याची कृति लिहून ठेविली आहे. पोलादाचें मर्म कर्बांत आहे, हें मात्र 1786 च्या सुमारास फ्रेंच शास्त्रज्ञांच्या ध्यानीं आलें.

पिंपरी-चिंचवडच्या माळावर ही विद्या मोठ्या प्रमाणावर आली ती 1960 नंतर. टेल्कोनें 1966 सालीं येथें कारखान्यास आरंभ केला. सुमंत मूळगांवकरांनीं प्रथम यंत्रें, साचे आणि कारागिरांचें शिक्षण यांकडे लक्ष दिलें. येथील पहिलें मालवाहू वाहन बाहेर पडलें तें 1977 सालीं. आकुर्डीस बजाजची चेतक स्कूटर 1972 पासून होऊं लागली.

शिंगाच्या पुडीच्या जागीं आतां भट्टींत कर्बयुक्त वायु सोडतात. सुमारें 0.2 टक्के कर्बाचें पोलाद 900 ते 930 अंश सेंटिग्रेडवर कित्येक तास ठेविलें, म्हणजे कातडींतील कर्ब 0.8 टक्क्यांच्या आसपास जातो. मग तेलांत विझविलें कीं सुमारें एक मिलिमीटर जाडीचा कठीण थर मिळतो. हा थर दुप्पट जाड हवा, तर वेळ चौपट लागतो. म्हणून उष्णता वाढवून वेळ वांचविण्याचा मोह होतो. पण त्यानें पोलादाचा कण जाड होऊन दांते ठिसूळ होतात. विझवितांना चाक किंचित् वांकडें होतें, तें वेगळेंच. तो वांकडेपणा घासून काढावा, तर कष्टानें मिळविलेला थर पातळ होतो, आणि घासण्याच्या उष्णतेनें बारीक भेगाही पडूं शकतात.

हे दोष वरून दिसत नाहींत. भरलेली मालमोटार बोरघाट चढूं लागली म्हणजे ते उघड होतात, आणि त्यांचें फळ चालकास भोगावें लागतें. यास्तव जाणते कारागीर खेपेंतील एक नमुना कापून थराची खोली मोजतात. लोहार रंगावरून उष्णता ओळखी. आतां ती यंत्रें मोजतात. परंतु आपला वेळ घेतल्यावांचून पोलाद पाणी धरीत नाहीं, हा नियम लोहाराच्या भात्यापाशीं होता तोच चाकणच्या भट्टीपाशींही आहे.