साडेतीन फेऱ्या: बैलगाडीच्या धुऱ्यापासून स्टिअरिंग रॅकपर्यंत

हा भाग बसमध्ये ऐकत असाल तर एकदा ड्रायव्हरच्या हातांकडे बघा. वळण आलं की ते भलंमोठं चाक किती फेऱ्या फिरवतात ते मोजा. आज त्याच फेऱ्यांचा इतिहास सांगणार आहे. सांगायचं कारण म्हणजे या फेऱ्या मोजण्यात मी चुकलो आणि माझ्या आतेभावाचा अंगठा तीन आठवडे पट्टीत राहिला.

मी न्हावऱ्याचा. शिरूरहून चौफुल्याला जाताना लागतं ते न्हावरं, घोडगंगा साखर कारखान्याचं. लहानपणी गळीत हंगामात रस्त्याकडेला बसून उसाच्या ट्रॉल्या मोजणं हा आमचा उद्योग होता. चारचाकी ट्रॉली वळताना कधी नीट बघितलीय का? पुढची दोन्ही चाकं वेगवेगळी वळत नाहीत. अख्खा आसच गोल तबकडीवर फिरतो. बैलगाडीत तर तेही नाही. बैल वळले, धुरा वळला की गाडी वळली. युरोपातल्या घोडागाड्यांचंही असंच, आस मधोमध एका खिळ्यावर फिरायचा. तोटा असा की आस तिरका झाला की आधार अरुंद होतो आणि गाडी कलंडते. उसाची ट्रॉली वळणावर आडवी का होते, त्याचं अर्धं उत्तर इथंच आहे. उरलेलं अर्धं म्हणजे भरलेला ऊस, तो विषय वेगळा.

यावर 1817 मध्ये म्युनिकच्या गेओर्ग लांकेनश्पेर्गर नावाच्या गाडीकारागिरानं तोड काढली. आस जागेवर ठेवायचा आणि टोकांची चाकं आपापल्या खिळ्यावर वळवायची. वळणात आतलं चाक लहान वर्तुळावरून जातं, म्हणून ते जास्त वळलं पाहिजे, हेही त्याला उमगलं होतं. इंग्लंडमध्ये 1818 साली पेटंट घेतलं ते त्याचा तिथला एजंट रुडॉल्फ अकरमान यानं. आज जगभरचे इंजिनिअर 'अकरमन भूमिती' म्हणतात. डोकं एकाचं आणि नाव दुसऱ्याचं!

पुढे कार्ल बेंझ. 1886 मध्ये त्यानं पेटंट घेतलेल्या गाडीला तीनच चाकं होती, कारण पुढची दोन चाकं एकत्र नीट वळवायचं कोडं त्याला तोवर समाधानकारक सुटलं नव्हतं. एकच चाक होतं, पण ते वळवायला एक दातेरी पट्टी आणि तिच्यात अडकलेलं छोटं दातेरी चाक होतं. म्हणजे रॅक आणि पिनियन! दोन चाकं वळवणाऱ्या व्यवस्थेचं पेटंट त्यानं 1893 मध्ये घेतलं.

मग आपल्याकडे या. महिंद्रांच्या जुन्या विलिज जीपमध्ये रॅक नव्हता, कॅम आणि लिव्हरची पेटी होती. पद्मिनीतही वर्मची पेटी. पण जिला आपण जुनाट म्हणून हसतो, त्या अँबॅसेडरमध्ये मात्र रॅक होता, कारण ती मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. मॉरिसवाल्यांनी 1948 च्या मायनरमध्येच रॅक बसवला होता. आणि डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली, तिच्यासोबत हलका, स्वस्त रॅक गावोगावच्या गॅरेजात पोचला. आज भंगारवाल्याकडे 'मारुतीचा रॅक' म्हटलं की तो मान वर न करता कोपरा दाखवतो.

हलकी गाडी स्वतः जुळवायचं वेडही जुनंच. इंग्लंडमध्ये कॉलिन चॅपमननं 1957 मध्ये लोटस सेव्हन आणली. सुट्या भागांत घेतली की त्या वेळचा खरेदीकर वाचायचा, म्हणून लोक घरीच नट आवळत बसायचे. आपल्याकडे इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्ण्यांनी 1940 च्या दशकापासून 'मीरा' नावाच्या छोट्या गाडीवर आयुष्य घातलं. इंजिनिअरिंगची पदवी नाही, तरी एकामागून एक नमुने बनवले. कारखाना काही उभा राहिला नाही. अलिबागजवळ चिंकारा मोटर्सनं लोटस सेव्हनच्या वळणाची रोडस्टर बनवली, फायबरची बॉडी आणि 1.8 लिटरचं इसुझू इंजिन. तिचे फोटो बघूनच आम्ही बिघडलो.

तर आमची गाडी. पाइपची चौकट, वजन 500 किलो. हौस म्हणून मी ऑनलाइन एक 'रेसिंग' रॅक मागवला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन फेऱ्याही नाहीत. स्टिअरिंग 8 अंश फिरवलं की चाक 1 अंश वळणार. माझा हिशोब असा होता: मारुतीचं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, त्यातलं साधारण 60 टक्के पुढच्या चाकांवर, म्हणजे 390 किलो. आमच्या पुढच्या चाकांवर 45 टक्के, 225 किलो. भार निम्म्याच्या जवळ आलाय, मग गुणोत्तरही निम्म्याच्या जवळ आणू. हाताला जोर मारुतीइतकाच लागेल.

जोराचा हिशोब बरोबर होता. पण गिअरिंग उलट्या दिशेनंही चालतं, हे मी विसरलो. हाताकडून चाकाकडे जाताना जोर जेवढा कमी वाढतो, तेवढाच चाकाकडून हाताकडे येणारा दणका कमी विरतो. आमच्या पाणंदीत ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडलेल्या. चाक चाकोरीत गेलं, स्टिअरिंग हिसडलं, आरा आतेभावाच्या अंगठ्यावर बसला आणि गाडी सरळ उसात. विजेचा खांब हातभर लांब होता. आप्पा, म्हणजे माझे चुलते, धावत आले. आधी अंगठा बघितला, मग मला म्हणाले, "अरे, बैलाला एवढा तापट कासरा लावत नसतात."

त्या रात्री मी वही घेऊन परत बसलो. मारुतीछाप साधा रॅक धरला. मोड्यूल 2, पिनियनला 7 दाते, म्हणजे एका फेरीला पाय गुणिले 14, साधारण 44 मिलिमीटर पट्टी सरकते. साडेतीन फेऱ्यांत 154. चाकाला जोडलेला स्टिअरिंग आर्म 100 मिलिमीटरचा असेल तर एका फेरीला चाक 25 अंश वळतं, गुणोत्तर सव्वाचौदाच्या आसपास. तोच आर्म 85 चा केला तर साधारण 12. भार कमी असल्यामुळे जोर मारुतीच्या दोन तृतीयांशच लागतो, आणि दणकाही आवाक्यात राहतो.

दोन गोष्टी मात्र नीट ऐका. आर्म कापून वेल्डिंग करायचं नाही. आम्ही पोलादाच्या सलग तुकड्यातून नवे कातून घेतले, आणि त्यांचा कोन मागच्या आसाच्या मध्याकडेच ठेवला, नाहीतर लांकेनश्पेर्गरची सगळी मेहनत वाया. दुसरं, आखूड आर्ममुळे चाक एका बाजूला 52 अंशांपर्यंत वळायला लागलं आणि टायर चौकटीला घासू लागला. म्हणून रॅकच्या दोन्ही टोकांना कॉलर बसवून सरक कमी केली. साडेतीनच्या तीनपेक्षा कमी फेऱ्या उरल्या.

नोंदणी नसल्यानं गाडी रस्त्यावर आणत नाही, आमच्याच रानात फिरते. मागच्या पाडव्याला त्याच पाणंदीतून, त्याच चाकोरीवरून आप्पांनी तिला चालवली. मी शेजारी बसलो होतो, डोळे त्यांच्या अंगठ्यांवर. स्टिअरिंग थोडं हललं, त्यांनी नुसतं धरून ठेवलं. खांब गेल्यावर म्हणाले, "आता आतेभावाला बोलव. पण आऱ्यात अंगठा घालू नको म्हणावं."