ठळक अक्षरांचा अर्थ

महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासकाला यवतमाळ म्हटले की य. खु. देशपांडे आणि त्यांचा शारदाश्रम आठवतो. या जिल्ह्याला त्यांनी पोथ्यांचा जो नाद लावला, त्यातला मी एक उशिरा आलेला.

वीसेक वर्षांपूर्वी लीळाचरित्रावरची माझी टिपणे मी संगणकावर उतरवली. लीळेचे नाव ठळक, चक्रधरस्वामींचे वचन ठळक, आणि शंका वाटली तिथे मी सुचवलेला पाठ, तोही ठळक. गेल्या वर्षी फाइल उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा खच. त्या जुन्या फाँटात मराठी नुसती दिसत असे. आत साठवलेली होती ती इंग्रजी अक्षरेच. युनिकोडमध्ये तसे नाही. 'कि'ची वेलांटी दिसते डावीकडे, पण साठवली जाते 'क'नंतर, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने.

रूपांतर करून अक्षरे परत मिळाली, ठळकपणाही आला. पण कोणता ठळक शब्द स्वामींचा आणि कोणता माझा, हे मलाच सांगता येईना. ताडून पाहिले, तेव्हा माझा एक तर्क स्वामींचे वचन म्हणून माझ्याच लेखात छापला गेल्याचे लक्षात आले.

वेबची पाने लिहिणाऱ्यांपुढेही हाच पेच होता. टिम बर्नर्स-ली यांच्या एचटीएमएलमध्ये शीर्षक, परिच्छेद, यादी अशा खुणा होत्या. पुढे ब्राउझरांच्या चढाओढीत फाँट आणि रंग सांगणाऱ्या खुणा त्यात घुसल्या. १९९६ साली सीएसएस आले आणि रूपाची व्यवस्था वेगळी लावता आली. शीर्षकाला शीर्षक म्हटले, तर दृष्टिहीनाला पान वाचून दाखवणारे सॉफ्टवेअरही ते ओळखते. नुसते मोठे, ठळक अक्षर त्याला काहीच सांगत नाही.

आपल्याकडे हे भान जुने आहे. म्हाइंभटांच्या गद्यात अवतरणचिन्हे नाहीत. कोण बोलले ते शब्दांतच सांगितलेले असते. म्हणून केसोबासांना स्वामींची वचने वेगळी काढून सूत्रपाठ सिद्ध करता आला. पुढे पोथ्या सांकेतिक सकळ लिपीत गेल्या, अक्षरांचे रूप पार बदलले. वक्ता मात्र हरवला नाही.

आता मी पहिल्या पानापासून पुन्हा बसलो आहे. वचनाला 'वचन', शंकेला 'शंका' अशी खूण करतो. ठळक काय दिसावे, ते शेवटी ठरवीन.