इतवारीचं स्टेशन

नागपूरचं स्टेशन म्हटलं की बाहेरगावच्या माणसाला १९२५ साली सुरू झालेली ती भव्य दगडी इमारत आठवते. पण आम्हा पूर्व नागपूरकरांचं स्टेशन म्हणजे इतवारी. बाजाराच्या वारावरून वस्तीचं नाव पडलं, वस्तीवरून स्टेशनचं. आता त्याला नेताजी सुभाषचंद्र बोस यांचं नाव दिलं आहे, तरी ऑटोवाला 'इतवारी'च समजतो.

इथून नागभीडला जाणारी लहान गाडी बंगाल नागपूर रेल्वेने १९०८ साली सुरू केली. दोन रुळांत अंतर फक्त अडीच फूट. अशी लाईन टाकायला खर्च कमी, म्हणून ती आडवाटेच्या गावांपर्यंत पोचली. कुही, उमरेड, भिवापूर करत शंभरेक किलोमीटरला चार तासांहून जास्त लागत. पण घाई असणाऱ्यांची ती गाडी नव्हतीच. भाजीच्या टोपल्या, भिवापूरची मिरची, कॉलेजची पोरं, मजुरीला येणाऱ्या बाया, सगळे त्यातच. आमच्या वर्गातली दोन-तीन मुलंही याच गाडीने येत. गाडी लेट झाली की त्यांचा पहिला तास बुडायचा. त्यांना कधी कोणी रागावलं नाही.

छिंदवाड्याची लहान लाईन २०१५ साली बंद झाली आणि नागभीडची २०१९ साली, दोन्ही रुंदीकरणासाठी. शेवटच्या फेऱ्यांचे फोटो काढायला हौशी मंडळींनी गर्दी केली. जुनी इंजिनं मोतीबागेच्या संग्रहालयात आहेत, नातवंडांना जरूर दाखवा. पण फोटो काढणारे वेगळे आणि रोज तिकीट काढणारे वेगळे. रोजच्या लोकांना दुसऱ्या दिवशी एसटी किंवा काळीपिवळी शोधावी लागली, आणि तिथे टोपलीचे पैसे वेगळे.

छिंदवाड्याकडे ब्रॉडगेज २०२१ पर्यंत पूर्ण झाली. पण कोरोनानंतर देशभर पॅसेंजर गाड्या 'स्पेशल' म्हणून धावू लागल्या आणि कमीत कमी तिकीट १० रुपयांचं ३० झालं. ते पुन्हा १० वर यायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. रोज जाणं-येणं करणाऱ्याला वीसचे साठ रुपये महिनाभर किती जड जातात, हा हिशेब आपणच करून पाहा.

रुंदीकरण नको असं कोण म्हणेल? लाईन रुंद व्हावी, गाडी वेगाने धावावी. फक्त ती लहान गावी थांबावी आणि टोपलीवालीला परवडावी. इतवारीत आजवर गाडीची वाट पाहिली ती अशाच माणसांनी.